शिंग साळणारी काच

प्रिय आबा,

शाळेत वडिलांना पत्र लिहितांना 'तीर्थरूप' लिहायचं असतं, एवढं शिकवलं होतं. त्याच्या पुढं काय लिहायचं ते ज्या दिवशी शिकवलं त्या दिवशी मी बहुतेक शाळेमागच्या चिंचेवर होतो. म्हणून आपलं 'प्रिय'. प्राजू हे तुम्हाला वाचून दाखवील तेव्हा माझ्या काना-मात्र्याला हसेल, तर हसू द्या तिला. बारावी झालेल्या माणसाला तेवढा हक्क आहे. अन् फोन सोडून हा पत्राचा उपद्व्याप काहून, असं तुमच्या मनात आलं असेल. आबा, फोनवर तुम्ही 'बरं हाय, जेवला काय, घे तुही माय बोलते' एवढंच बोलता अन् फोन आईच्या हातात देऊन मोकळे होता. पोळ्यापासून तर 'जेवला काय' हेसुद्धा आईच विचारते. पत्र असं दुसऱ्याच्या हातात देऊन सुटता येत नाही. बसून ऐकावं लागतं.

आईनंच सांगितलं की यंदा दसऱ्याला गाडीची पूजा तुम्ही करणार नाही. 'गाडी पोरीची हाय, पोरीनंच करावी, मी हात लावत नाही,' असं म्हणाले म्हणे. अन् गाडीत बसणंही सोडलं. अंजनगावच्या बाजाराला जायचं तर तुम्ही फाट्यापर्यंत पायी जाता अन् तिथून एसटी धरता. प्राजू गाडी घेऊन तुमच्या मागं-मागं येते, हॉर्न वाजवते, खिडकीतून 'आबा, बसा ना' म्हणते, अन् तुम्ही पिशवी काखेत मारून नाकासमोर चालत राहता. आईनं हे हसत-हसत सांगितलं, पण सांगता-सांगता तिचं हसणं बंद झालं. म्हणाली, 'बंड्या, तुह्या बापानं लाख्या गेल्यावर गोठ्यात पाय टाकला नाही दोन वर्षं. आता ह्या गाडीचंही तसंच करते काय?' तेव्हापासून माझं कामात लक्ष लागून नाही राहिलं.

पण आधी माझी खबर सांगतो. मी बंगळूरलाच आहे अन् त्याच दुकानात आहे. ही ओळ आई दोनदा वाचायला लावील, लावू द्या. अकोल्याचं गॅरेज सोडलं, अमरावतीचं कापडाचं दुकान सोडलं, पुण्याची कंपनी सोडली, सुरतहून तर कोणाला न सांगता निघालो. तुम्ही मारुतीच्या पारावर सगळ्यांसमोर म्हणायचे, 'आमच्या बंडूच्या बुडाले काटे हायेत.' ते खोटं नव्हतं. मला एका जागी बसलं की अंगात मुंग्या येतात. इथं मंजुनाथ म्हणून मालक आहेत, आम्ही त्यांना मंजुण्णा म्हणतो. गाड्यांच्या काचा बदलायचं दुकान. मी आलो तेव्हा कोपऱ्यात एक पॉलिशची मशीन धूळ खात पडली होती. काचेवरचे चरे त्या मशीननं काढता येतात, पण वेळ लागतो, जीव लागतो, म्हणून कोणी तिला हात लावत नव्हतं. सरळ जुनी काच काढायची अन् नवी बसवायची. मी एक दिवस उगाच चाळा म्हणून ती हातात घेतली, अन् आबा, तेव्हापासून ती माझ्याच हातात आहे.

काम काय असतं ते सांगतो, कारण ते पुढं लागणार आहे. आधी काचेला आतून खुणा करायच्या, चरा कुठं-कुठं आहे त्याच्या. मग बाहेरून नख फिरवून पाहायचं. नख अडलं नाही तर चरा निघतो. नख अडलं तर तो खोल आहे, त्याच्या नादी लागायचं नाही. मग एक फिकट गुलाबी पूड असते, ती पाण्यात कालवून ताकासारखी करायची, अन् मशीनला लोकरीची जाड चकती लावून हळूहळू घासत राहायचं. जोर नाही करायचा. अन् मुख्य म्हणजे दोन गोष्टी. पाणी थांबलं नाही पाहिजे अन् हात थांबला नाही पाहिजे. पाणी थांबलं की काच तापते अन् तापली की तडकते. हात एका जागी थांबला की तिथं काचेला न दिसणारा खड्डा पडतो, अन् त्यातून पाहिलं की समोरचा रस्ता नाचायला लागतो. बाकीची पोरं चऱ्यावरच मशीन टेकवून बसायची, अन् काच वाया जायची. माझा हात बसतच नाही ना कुठं. मंजुण्णा एक दिवस पाहत उभे राहिले अन् त्यांच्या हिंदीत म्हणाले, 'ये लड़के का हाथ टिकता नहीं, इसलिए काँच टिकता है.' आबा, ज्या गोष्टीसाठी मी सगळीकडून बोलणी खाल्ली, त्याच गोष्टीसाठी मला इथं शाबासकी मिळाली. आता गिऱ्हाईक येतं अन् विचारतं, तो महाराष्ट्रवाला आहे काय? तो असेल तरच गाडी ठेवतो.

आता खरं सांगतो. तुम्हाला वाटतं की गाडीच्या काचेचं मला काही माहीत नाही. मला सगळं माहीत आहे. प्राजूवर रागावू नका, तिनं तोंडानं काही सांगितलं नव्हतं. तिनं पोळ्याचे व्हिडिओ पाठवले होते, ते मी पुन्हा-पुन्हा पाहिले. एक आदल्या दिवशीचा, खांदे शेकायचा. तुम्ही कोमट पाण्यात फडका बुडवून गाडीच्या बोनेटला शेक देऊन राहिले, मग लोणी-हळद लावली, अन् आई पदर तोंडात धरून हसून राहिली. मग तुम्ही बाजूच्या आरशाजवळ वाकले अन् बैलाला सांगतात तसं हळूच सांगितलं, 'आज आवतन घ्या, उद्या जेवायले या.' मागून कोणीतरी ओरडलं, 'जानराव, कोनाच्या कानात सांगून राहिला गा?' अन् तुम्ही आरशावर बोट ठेवून म्हणाले, 'हा काय, कान हाय ना त्याले.' दोन वर्षांनी तुमचं ते हसणं पाहिलं मी. लाख्या गेला, त्याचा जोडीदार चांद्या आधीच गेलेला, शेत ट्रॅक्टरनं व्हायला लागलं, अन् आपल्या दारात पोळा येऊनही न आल्यासारखा जाऊन राहिला होता. प्राजूनंच म्हटलं ना, 'आबा, आता आपला बैल म्हणजे हीच'? बरोबर म्हटलं तिनं. गाडीच्या भाड्यावर तुमचं घर चालून राहिलं, मग ती गाडी बैलच झाली की नाही.

दुसरा व्हिडिओ नदीवरचा. गाडी उताराला घोटाभर पाण्यात उभी, तुम्ही धोतर खोचून, अन् हातात विटकरीचा तुकडा. आधी टायर घासले, मग खालचा पत्रा, अन् मग समोरची काच. लांब-लांब हात, वरून खाली, शेवटाला मनगट वळवून. लाख्याच्या पाठीवरून फिरायचा तसाच हात. मी तो व्हिडिओ पाहतांना पहिल्यांदा हसलो, अन् मग व्हिडिओ थांबवून नुसती काचच पाहत राहिलो, कारण माझा धंदाच तो आहे. मी फोन लावला, पण नदीवर कुठला आवाज जातो. तोवर गाडीला झूल चढली, बाशिंग चढलं, अन् तोरणाखाली बैलांच्या रांगेत ती उभी राहिली. त्या फोटोत तुम्ही असे उभे आहात जसे काही तुमच्याकडं दहा जोड्या आहेत.

पुढचं मला गोदाबाईनं सांगितलं. हो, आपल्या शेजारच्या गोदाबाईनंच. आईनं तिच्या हाती फोन दिला तेव्हा तिनं एका दमात सगळं ओतलं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी प्राजू तिला मोतीबिंदूचं ऑपरेशन करून अमरावतीहून आणून राहिली होती. दर्यापूरच्या अलीकडं सूर्य समोर आला, अन् सगळी काच कोळ्याच्या जाळ्यासारखी पांढरी झाली. रस्ता नाही, झाड नाही, समोरचा ट्रक नाही. प्राजूनं गाडी बाभळीखाली घेतली अन् सूर्य बुडेपर्यंत तशीच उभी ठेवली. गोदाबाई मागून म्हणते, 'माह्या डोयावर पट्टी बांधली म्हून मले दिसत नाही, तुह्या कायची पट्टी हाय वं?' हे सांगतांना ती हसत होती. तेव्हापासून प्राजू संध्याकाळच्या खेपा करत नाही. लोकांना सांगते, आईची तब्येत बरी नाही. अन् तुम्हाला सांगितलं, वायपर खराब झाला, त्यानं चरे पडले.

तुम्ही ते मानलंही होतं. पण सुगतच्या गॅरेजवर गाडी नेली तेव्हा त्यानं काच पाहून सगळ्यांसमोर म्हटलं, 'हे कोन्या येड्यानं घासली बे?' सुगतला माहीत नव्हतं, मनानं वाईट नाही तो. चहाच्या टपरीवरचे सगळे खदाखदा हसले. प्राजू म्हणाली, 'मीच घासली काका, माहाच हात लागला.' तुम्ही पिशवी उचलली अन् एसटी स्टँडकडं चालायला लागले. त्या दिवसापासून चालूनच राहिले. फक्त जाता-जाता सुगतला सांगितलं, नवी काच मागव अन् जुनी माह्या डोयापुढं आनू नको, फोडून टाक.

हे सगळं समजलं तेव्हा मला राग आला होता. कोणावर ते समजत नव्हतं. थोडा तुमच्यावरही होता, खोटं काहून लिहू. मनात म्हणायचो, काचेला विटकर लावते काय कोणी? आमचे आबा अख्ख्या पंचक्रोशीत बैलाची पारख करणारे, लोक त्यांना बाजारात बोलवून नेतात, अन् हे असं कसं केलं? ह्याचं उत्तर मला गेल्या आठवड्यात मिळालं. ते आपल्या घरातून नाही मिळालं, बाळापूरकडच्या एका म्हाताऱ्याकडून मिळालं, अन् तेही इथं, बंगळूरला.

सकाळी दुकानासमोर एक गाडी थांबली. नंबर एमएच तीस. अकोल्याची गाडी इथं दिसली की मला उगाच कोणी नात्यातलं आल्यासारखं वाटतं. उतरला तो माझ्याच वयाचा पोरगा, अंकुर नाव, कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे. मंजुण्णांना म्हणाला, काच गेली, नवी बसवा. कशानं गेली विचारलं तर इकडं-तिकडं पाहत म्हणाला, आमच्या बिल्डिंगचं काम चालू आहे, त्याची रेती उडाली. मी काचेवर वाकलो. आबा, वायपरचा चरा अर्धगोल असतो, रोज एकाच रेषेवर. उडालेल्या रेतीचे ठिपके असतात. अन् इथं लांब-लांब हात होते, वरून खाली, अन् प्रत्येकाच्या शेवटाला मनगट वळलेलं. मी उभाच राहिलो. मग आत पाहिलं तर मागच्या सीटवर पांढरी टोपी घातलेला एक म्हातारा मान खाली घालून बसलेला. मी दार उघडलं अन् आपल्या बोलीत विचारलं, 'बुवा, पोयाले धुतली काय गाडी?'

तो असा दचकला की टोपीच हातात घेतली. 'तुले कोनं सांगतलं बे?' मग माझ्याकडं पाहिलं, पुन्हा पाहिलं, 'कोन्या गावचा तू?' मी गाव सांगितलं, तुमचं नाव सांगितलं. तो गाडीतून उतरला. शालिग्रामबुवा त्यांचं नाव. बाळापूरच्या बाजूला शेती आहे, बैलजोडी सध्या भावाकडं ठेवली आहे. पोराला पोळ्याला घरी येता आलं नाही म्हणून हेच इकडं आले, अन् पोळ्याच्या दिवशी हातांना काही सुचेना म्हणून खालच्या पार्किंगमध्ये पोराची गाडी बादलीभर पाण्यानं धुऊन काढली. घासायला बिल्डिंगच्या कामावरचा विटेचा तुकडा. अंकुर तिकडं मान फिरवून उभा होता. त्याचंही प्राजूसारखंच, बापाच्या वतीनं खोटं बोलून राहिला होता.

मी म्हटलं, बुवा, काचेले विटकर काहून लावली? अन् त्यांनी जे सांगितलं ते मी जसंच्या तसं लिहितो. 'मले एक सांग, बैलाची शिंगं आपन कायनं साळतो? काचेच्या तुकड्यानंच ना? एवढं टनक शिंग, त्याचे सालपटं निंघतात, पन काचेले ओरखडाबी येत नाही. मंग मले वाटलं, जे शिंगाले पुरून उरते, तिले विटकरीचा तुकडा काय करन?'

आबा, आठवतं? लहानपणी आपल्या अंगणात तुम्ही लाख्याची शिंगं साळायचे, बाटलीचा फुटका तुकडा फडक्यात धरून, अन् मी खाली पडलेले पातळ-पातळ कपचे गोळा करायचो. तुम्हीच सांगायचे, काचेसारखी कडक वस्तू नाही. म्हणजे तुम्ही नदीवर येड्यासारखं नव्हतं घासलं. विचार करून घासलं होतं. आयुष्यभर हातानं जे पाहिलं त्याच्यावरून विचार केला, अन् विचार बरोबर होता. फक्त विटकरीत रेती असते अन् रेतीपुढं काचेचं काही चालत नाही, एवढीच गोष्ट राहिली. ती गोष्ट मला बंगळूरला येऊन काचा वाया घालवल्यावर समजली. तुम्हाला घरी बसून कोणी सांगावी? अन् आपण इतके जण हसलो, रडलो, लपवालपवी केली, पण 'आबा, विटकर काहून घेतली?' हे एकानंही विचारलं नाही. सुगतनं नाही, प्राजूनं नाही, मीही नाही.

मंजुण्णा म्हणत होते, नवी काच बसवून मोकळा हो, दसऱ्याच्या आधी इथं आयुधपूजेची, म्हणजे गाड्या-अवजारांच्या पूजेची, गर्दी असते, उगाच दिवस घालवू नको. मी म्हटलं, ही मी करणार. तडकली तर? तडकली तर मला कामावरून काढा. कसं तोंडातून निघालं माहीत नाही. मग मी बोनेटला कागद चिकटवले, खुणा केल्या, नख फिरवलं. जवळजवळ सगळे चरे निघण्यासारखे होते. फक्त एक खाली डाव्या कोपऱ्यात खोल होता. अन् मशीन चालू करणार तोच माझं लक्ष शालिग्रामबुवांकडं गेलं. ते स्टुलावर बसले होते, दोन्ही हात मांडीखाली दाबून. जसं काही त्या हातांनी पुन्हा काही करू नये. मला तुमची ती काखेतली पिशवी दिसली आबा.

मी पाण्याची बाटली त्यांच्यासमोर धरली. म्हटलं, बुवा, मी मशीन धरतो, तुमी पानी धरा. माणूस लागते मले. ते म्हणाले, 'मी? पुन्यांदा?' म्हटलं, हो, तुमीच. अंकुर म्हणाला मी धरतो, त्याला मी बाजूला केलं. फवाऱ्याची बाटली काही त्यांना जमेना, मग त्यांनी ती ठेवून दिली अन् तांब्या मागितला. ओंजळीतून बोटांच्या फटींनी पाणी सोडायला लागले, बैलाच्या पाठीवर सोडतात तसं, जिथं मशीन जाते तिच्या एक बोट पुढं. आबा, मी हे काम करतो तेव्हापासून इतकं बरोबर पाणी मला कोणी दिलं नव्हतं. काच तापतच नव्हती. मी मागं उलट्या हातानं तपासायचो, थंडगार. दुकानातली पोरं काम सोडून पाहायला आली. मंजुण्णा म्हणाले, 'ये बुड्ढे को काम पे रख लो.' मी ते आपल्या बोलीत सांगितलं तेव्हा बुवा म्हणाले, 'त्याले सांग, माहे बैल सुटलेले नाहीत अजून.'

ऊन उतरल्यावर गाडी बाहेर काढली अन् तोंड पश्चिमेला केलं. खरी परीक्षा तीच असते, समोरून सूर्य आला पाहिजे. बुवांना पुढच्या सीटवर बसवलं. काचेवर काही नव्हतं. पलीकडं नारळाची झाडं, सिग्नल, फुलं विकणाऱ्या बाया, सगळं लख्ख. त्यांनी टोपी मागं सारली अन् पुढं वाकून पाहिलं. मग म्हणाले, 'दिसते ना बे सारं!' खाली डावीकडं तो एक खोल चरा राहिला होता, तो मी दाखवला. म्हटलं हा काढला तर काचेत खड्डा पडेल, पण हा डोळ्यांच्या रेषेत येत नाही, राहू द्या. त्यांनी त्यावरून बोट फिरवलं अन् म्हणाले, 'असू दे. पुढच्या पोयाले इथंच बसून पायीन, म्हंजे हात आवरता घेईन.' उतरतांना बोनेटवर दोन थापा मारल्या. 'चाल रे राज्या,' म्हणाले. अंकुर मला मिठी मारून राहिला, अन् मी ह्या माणसाला काय सांगू की माझा बाप तिकडं एसटीनं फिरून राहिला.

त्याच दिवशी मी प्राजूला सांगून फोटो मागवले. काचेमागं काळा कागद धरून काढ, नख फिरव, अडेल तिथं खडूनं खूण कर. तिनं तुम्ही शेतात गेल्यावर सगळं केलं. तिचं काम पाहून मंजुण्णांनी विचारलं, बहीण काय करते? मी म्हटलं गाडी चालवते, अंजनगाव ते अमरावती. त्यांनी पुन्हा विचारलं, कोण, बहीण? मी म्हटलं हो, बहीणच. आबा, ते सांगतांना माझी छाती फुगली होती. तिला स्टेअरिंग धरायला तुम्हीच तर शिकवलं. स्वतःला गाडी येत नसतांना, बाजूला बसून, 'जुवात मान देल्यावर बैल मांगं पाहत नाही, तूही पाहू नको,' असं सांगून.

आता शाळेची भाषा पुरे झाली. हे पत्र कायसाठी लिहिलं ते सांगतो. प्राजू, सुगतकाकाले सांग, नवी काच आनू नको अन् जुनीले कोनाले हात लावू देऊ नको. मी दसऱ्याच्या आधल्या दिवशी येऊन राहिलो. आयुधपूजेच्या गर्दीत इथं कोनाले सुटी भेटत नाही, मले भेटली, अन् जे मशीन दुकानाबाहेर कधी गेली नाही ते बी मंजुण्णानं माह्या पिशवीत घालून देली. आबा, तुमच्या काचेवरचे चरे निंघतात. मी फोटोत एक-एक पाह्यला. दोन निंघनार नाहीत, नख अडते तिथं. ते डाव्या बाजूले खाली हायेत, प्राजूच्या डोयापुढं येत नाहीत. त्या बाजूले तुमीच बसता, दुसरं कोनी बसत नाही, मंग ते तुमचेच. पन मले पानी धराले मानूस लागते. प्राजू नाही, आई नाही. मले तुमचाच हात लागते, जो लाख्याच्या पाठीवर फिरला. काम झालं की दर्यापूरच्या रस्त्यानं सूर्याकडं तोंड करून गाडी काढू, प्राजू चालवन, तुमी पुढं बसान. अन् गोदाबाईले मांगं बसवू, तिची पट्टी सुटली असन आता. प्राजू, ह्याच्या पुढची ओळ मोठ्यानं वाचू नको. आबाच्या जवळ जा, वाक, अन् कानात सांग, जसं ते सांगतात. आज आवतन घ्या, दसऱ्याले पानी धराले या. लाख्यानं तुमचं आवतन कधी मोडलं नाही आबा. तुमी माहं मोडू नका.

तुमचाच, एका जागी न टिकनारा,
बंडू